खात्रीकाकू

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की आमच्या कॉलनीतल्या बायका डबे रिकामे करून घरात वळायच्या. काकू वळायच्या नाहीत. ओला कचरा ओल्यातच पडतोय ना आणि सुका सुक्यातच, हे गाडीच्या मागे जाऊन, टाचा उंच करून पाहायच्या. गाडीवाला कावून म्हणायचा, "माताजी, थोडा भरोसा रखो." त्यावर काकू शांतपणे म्हणायच्या, "भरोसा है भिया, बस खात्री कर रही हूँ." त्या बिचाऱ्याला मराठीतला हा एकच शब्द आयुष्यभरासाठी पाठ झाला. गल्लीत त्यांचं नाव पडलं ते खात्रीकाकू.

सरकारी नापतोल खात्यात त्यांनी नोकरी केली होती. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात उमर गेली. पुढे त्या रिटायर झाल्या, तपासणी काही रिटायर झाली नाही. शेव घेताना दोन काड्या बोटांत चुरडून तेलाचा वास घ्यायच्या. पोह्यांवर भुरभुरवायचा जिरावण मसाला आधी तळहातावर पसरून बघायच्या. नर्मदेचं पाणी आलं की गच्चीवर जाऊन टाकीत डोकावायच्या, कारण टाकी भरल्यावर पाणी बंद करणाऱ्या त्या प्लास्टिकच्या बॉलवरही त्यांचा विश्वास नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकूंचं तोंड कशानं पोळलं होतं देव जाणे, त्या पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

मी त्यांची सून. त्याआधी समोरच्या घरातली मुलगी, त्यामुळे लग्नानंतरही माझ्या तोंडी 'काकू'च राहिलं. त्यांच्या मंदारशी माझं जमलं तेव्हा दोन्ही घरांत आनंदीआनंद झाला. जन्मापासून मला पाहिलेल्या काकू मात्र आमच्याकडे येऊन आईला म्हणाल्या, "मुलीचा शाळेचा दाखला एकदा बघू. वय तेच आहे ना, खात्री केलेली बरी." आईनं चहाचा कप त्यांच्यासमोर असा ठेवला की अर्धा चहा बशीत आला. माझ्या बारशाच्या घुगऱ्या ह्या बाईनं खाल्ल्या होत्या!

घरात आल्यावर कळलं की हे रोजचंच आहे. कुकर झाला म्हटलं की त्या झाकण उघडून शीत दाबून बघणार. गॅस बंद केला म्हटलं की उठून बटणाला हात लावून येणार. मी ऑफिसातून निघाले असं फोनवर सांगितलं, तर मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात का ते ऐकणार. मला फार राग यायचा. ह्या बाईनं एकदा, आयुष्यात एकदाच, माझा शब्द जसाच्या तसा मानावा, उठून बघायला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. सोनंनाणं नको, एवढंच.

लग्नाला काही वर्षं झाली तरी घरात पाळणा हलेना, तेव्हा तपासणी माझी सुरू झाली. सुया टोचून हार्मोन बघून झाले, सोनोग्राफीत दर महिन्याला बीज कधी फुटतं ते बघून झालं, गर्भाशयात औषध सोडून नळ्या उघड्या आहेत का तेही पाहिलं. त्या दिवशी पोटात असा गोळा आला की रिक्षात मला ताठ बसवेना. सगळे रिपोर्ट नॉर्मल. काकूंची धाकटी बहीण देवासला असते. तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. ह्या मावशींना रिपोर्टांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचं निदान पक्कं होतं. आधी माझी पिशवी लहान होती, मग ती उलटी झाली, मग तिला थंडी बसली. माझी गर्भपिशवी मी स्वतः कधी पाहिली नव्हती, देवासपर्यंत मात्र ती सगळ्यांनी पाहिली होती.

काकू काही बोलायच्या नाहीत, आणि मला त्याचीच धास्ती. माझा प्रत्येक रिपोर्ट त्या मागून घेत, भिंग लावून ओळ न् ओळ वाचत आणि परत करताना नुसतं "हं" म्हणत. पाळी कधी आली, किती दिवस होती, हे खोदून विचारत. ऑफिसच्या डब्यात काय नेते, विजय नगरच्या बाजारात बाहेरचं काय खाते, हेही. मला वाटायचं, बाई आपल्या विरुद्ध केस तयार करतेय. एक दिवस सगळी वजनं तराजूत टाकून म्हणेल, ही कमी भरली, परत पाठवा. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. मंदारला सांगितलं तर तो हसायचा. "अरे, आईचा स्वभावच शक्की आहे. तू लोड घेऊ नको."

मंदार सांवेर रोडवर एका कारखान्यात इंजिनिअर. त्याचंही एव्हाना बदललं होतं. विजय नगरात एक नवीन जिम निघाली होती, तिथे तो रोज जायचा. दंड असे फुगले की सदऱ्यांच्या बाह्या उसवल्या. नातेवाइकांत कौतुक. मावशी तर म्हणायच्या, बघा, आमचा मुलगा कसा पहिलवान, आणि नशीब बघा. ते नशीब म्हणजे मी. कौतुक नव्हतं ते एकट्या काकूंना. तो आंघोळीहून उघडा बाहेर आला की त्या त्याच्या पाठीकडे टक लावून बघत बसायच्या. एकदा पोळ्या लाटताना मला म्हणाल्या, "त्याच्या पाठीवर मुरमं आली आहेत, पाहिलीस? मिसरूड फुटताना येतात तशी. ह्या वयात पुन्हा कशी आली?"

मी म्हटलं, घाम येतो, त्यानं आली असतील. काकू म्हणाल्या, "हं." आता खरं सांगायचं तर काकूंचे दहांतले नऊ संशय फुसके निघायचे. हाही दहावा नव्हताच. त्यांना वाटत होतं की तो जिमसाठी पितो त्या पावडरीत चुना मिसळलाय. त्यांनी ती पावडर पाण्यात घालून, व्हिनेगर टाकून, तव्यावर भाजून पाहिली. चुना निघाला नाही. काकू हिरमुसल्या, पण हटल्या नाहीत.

माझी दुर्बिणीची तपासणी ठरवायची होती. म्हणजे पोटाला भोक पाडून आत बघणार. आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे निघालो तर काकू पर्स घेऊन गाडीत मागे येऊन बसलेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आज केस उभी राहणार, माझी खात्री झाली.

डॉक्टरीणबाईंनी माझी फाईल चाळली आणि तारीख देणार एवढ्यात काकू म्हणाल्या, "ह्याचा रिपोर्ट कुठे आहे?"

मंदार म्हणाला, माझं झालंय ना, नॉर्मल आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, आधीच्या क्लिनिकमध्ये झाल्याचं सांगितलंय त्यांनी.

"सांगितलंय," काकू म्हणाल्या. "कागद पाहिलाय कुणी? मी त्याची आई आहे, मी नाही पाहिला."

मंदारनं कागद पाहिला नव्हता, कारण कागदच नव्हता. तो तपासणीला कधी गेलाच नव्हता. एवढा धट्टाकट्टा पुरुष, त्याला काय होणार, असं त्यालाही वाटलं आणि खोटं कशाला बोलेल, असं आम्हा सगळ्यांना. मग काकूंनी पर्स उघडली, रुमालाची घडी उलगडली आणि काचेची एक रिकामी बाटली टेबलावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, आत तेलाचा थेंब. जिमची बॅग धुताना सापडलेली. "औषधवाल्याला विचारलं. तो म्हणतो, ताकतीचं हार्मोन आहे. बाई, हिच्या पोटाला भोकं पाडण्याआधी ह्याला तपासा."

मी काकूंकडे बघतच राहिले. एवढे महिने मी माझ्या रिपोर्टांवरचं ते भिंग पाहत होते. त्या भिंगाखाली माझ्यातलं काही सापडत नव्हतं, म्हणून ते दुसरीकडे वळलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोटच्या पोराला सूट द्यायची असते, ही रीतच ह्या बाईला ठाऊक नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिथून दोन हार्मोन रक्तातून खाली वृषणांकडे निरोप नेतात. एकाचा निरोप असतो, पुरुषी हार्मोन तयार करा. दुसऱ्याचा, शुक्राणू तयार करा. बाहेरून सुईनं तोच पुरुषी हार्मोन भरला की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि तो दोन्ही निरोप थांबवतो. वृषणं बसून राहतात, आकसत जातात. वरून माणूस पहिलवान दिसतो, आत काम ठप्प.

"म्हणजे टाकीचा बॉल," काकू म्हणाल्या. "टाकी भरली समजून नळ बंद." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणून मी वर चढून बघते."

मंदार खाली मान घालून म्हणाला की जिमचा कोच भिया म्हणाला होता, एकदम सेफ आहे, ह्यानं मर्दानगी वाढते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दंड वाढतात. त्याची तपासणी झाली. शुक्राणू शून्य. काकूंचा त्या शून्यावरही विश्वास बसला नाही. त्यांनी त्याला महूच्या एका लॅबमध्ये नेलं. महूला फौजी लोक राहतात, तिथे गडबड चालत नाही, हा त्यांचा हिशेब. एवढा तगडा माणूस लहानशी डबी हातात घेऊन आत गेला आणि त्याची आई बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथेही शून्यच. सुया त्या दिवसापासून बंद झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं, वेळ लागतो, वचन देता येत नाही.

त्या चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ, पन्हं, निम्मी कॉलनी घरात. मी ओट्या भरायचं तबक उचललं तशी देवासच्या मावशींनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि एका लेकुरवाळीच्या हातात दिलं. म्हणाल्या, "हिला कशाला दमवता." सगळ्यांना कळलं. मी पन्ह्याच्या ग्लासांकडे बघत उभी राहिले.

काकू डाळ वाढत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि रेशनच्या दुकानात मापातली चूक सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "दोष माझ्या मुलात निघालाय. दोन लॅबमधून खात्री केली आहे. हिच्यात काही नाही. तबक तिला परत दे."

मावशी पुटपुटल्या की अगं ताई, आपलेच दात आणि आपलेच ओठ, चारचौघांत कशाला. काकू म्हणाल्या, हिची पिशवी चारचौघांतच काढत होतात ना? मी ओट्या भरल्या. तबकातले तांदूळ सांडत होते. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी मंदारचं वाईटही वाटलं, कारण तो आतल्या खोलीत होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला. चहा हवा का, औषध घेतलं का, एवढंच. काकूंनी त्याची समजूत काढली नाही. रोज त्याच्या ताटात पहिली गरम पोळी मात्र त्याच वाढायच्या.

वर्ष उलटून गेलं. मंदारचे दंड उतरले, सदरे पुन्हा बसायला लागले, रिपोर्टात शून्याच्या जागी आकडे आले, आणि एका सकाळी माझ्या हातातल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मी धावत स्वयंपाकघरात गेले. काकूंनी पट्टी उजेडात धरली, तिरकी केली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कंपनीची आणून बघ." मी हसू की रडू! माझ्या पोटातल्या मुलावरसुद्धा ह्या बाईचा लगेच विश्वास बसेना. दुसऱ्या कंपनीनंही तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी देवघरात जाऊन देवापुढे साखर ठेवली.

माझं पोट दिसू लागलं त्या सुमारास काकूंनी मला विचारलं, कपाटात पॅड पडून असतील ना, सुनीताच्या मुलीला देते. सुनीता आमच्याकडे भांडी घासायला येते. मी पाकीट काढून दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा मागितलं. तेही दिलं. देताना मात्र मनात कुठेतरी खटकलं. सुनीताला साबणाची वडी देताना कालची कुठे गेली असं विचारणारी बाई एकदम एवढी उदार कशी झाली? काकूंच्या घरात राहून मलाही सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता सुनीताला सहज विचारलं, मुलीला पॅड पुरले का.

"कौनसे पैड, भाभी?" सुनीता म्हणाली. "लड़की तो कब से नानी के घर है."

काकूंची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी त्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि सरळ विचारलं. आधी त्या म्हणाल्या, सुनीता खोटं बोलते. मग म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा पितेय. शेवटी म्हणाल्या, "घरात आत्ता कुठे चांगलं चाललंय. त्यात माझं कशाला?"

"काकू," मी म्हटलं, "उष्णताच आहे ह्याची खात्री केलीत?"

जगाचे तराजू तपासणारी बाई, पण दिव्याखाली अंधार. माझ्या पाळीच्या तारखा विचारणाऱ्या काकूंनी स्वतःचं जाणारं रक्त सगळ्यांपासून लपवलं होतं. मला इतका संताप आला की मी त्यांना चप्पल घालायला लावली आणि तशीच घेऊन निघाले. डॉक्टरीणबाईंनी माझं पोट बघून माझीच फाईल काढली. मी म्हटलं, आधी ह्यांना तपासा. काकूंनी माझ्याकडे तिरकं बघितलं.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक थेंब असला तरी दाखवायचा असतो, असं डॉक्टरीणबाई त्यांना रागावून म्हणाल्या. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं. तुकडा तपासायला गेला आणि यायला नको तोच निकाल आला. कॅन्सर होता, पण अजून पिशवीच्या आतच होता. पिशवी, नळ्या, अंडाशय, सगळं लगेच काढायचं ठरलं. काकूंनी दुसऱ्या लॅबचं नाव काढलं नाही. त्यांनी काढलं नाही म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मंदार बाहेर बसलो होतो. आतून नाव पुकारलं, नातेवाईक कोण? आपल्याकडे काढलेला अवयव घरच्यांना दाखवतात, मागाहून शंका नको म्हणून. काकूंना आवडली असती अशी पद्धत. हिरव्या गाऊनमधल्या डॉक्टरनं ट्रे पुढे धरला आणि हातमोज्याच्या बोटानं दाखवलं. ही पिशवी, ह्या दोन नळ्या, हे दोन अंडाशय. पिशवी लहानशा पेरूएवढी, अंडाशय सुकल्या बदामांसारखे. आयुष्यभर जिच्या गप्पा ऐकल्या ती गर्भपिशवी मी पहिल्यांदा बघत होते. माझं बाळ तेव्हाच माझ्या आत लाथा मारत होतं.

मंदार ट्रेवरून नजर हलवेना. म्हणाला, "ह्याच्यात मी होतो?" डॉक्टर म्हणाले, "हो, आणि किती ताणली गेली असेल तेव्हा." मंदार बाकावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. कोच भियानं शिकवलेली सगळी मर्दानगी त्या बाकावर गळून पडली. मी त्याला रडू दिलं.

काकू त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. नातीच्या बोरन्हाणातली बोरं किडकी नाहीत ना हे फोडून फोडून पाहिलं, तिच्या शाळेच्या बसचे ब्रेक ड्रायव्हरला दाबून दाखवायला लावले. गेल्या त्या हृदयविकारानं, बसल्या जागी. आता कचरागाडीमागे मी टाचा उंच करते, आणि पाळी गेलेल्या कुठल्याही बाईला गाठून नको ते प्रश्न विचारते. बायका मला चुकवायला लागल्या आहेत. पण काकूंची आठवण निघाली की मला दिसते ती ऑपरेशननंतरची संध्याकाळ.

त्यांना नुकती शुद्ध आली होती. ओठ कोरडे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. पहिला प्रश्न तोच, "सगळी काढली ना? नक्की?"

मंदार पुढे वाकला. कितीतरी महिन्यांनी त्यानं आईचा हात हातात घेतला होता. म्हणाला, "आई, सगळी काढली. मी स्वतः पाहिली."

काकूंनी त्याचा हात थोपटला. "तू राहू दे," म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"तू पाहिलीस?"

"पाहिली, काकू."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.